स्पीकर बदलू नका, खोली बघा

माझ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य कोणतं असं कुणी विचारलं, तर ते आहे, "स्पीकर खराब हाय, बदला." लग्नघरातल्या मामांनी ते म्हटलं, शाळेच्या हेडमास्तरांनी म्हटलं, टॉकीजच्या मालकानं म्हटलं आणि निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका गृहस्थांनी तर पडल्यानंतरही म्हटलं. सत्तरच्या दशकात सेलूला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. जोडीला भोंगे भाड्यानं द्यायचो आणि पुढे कापसाच्या जिनिंगच्या गोदामाला लागून असलेल्या एका खोलीत टेप भरून द्यायला लागलो. तिन्ही धंद्यांत मिळून स्पीकर खरोखर खराब निघाल्याचे प्रसंग अगदी थोडे. खराब असायची ती खोली. पण खोलीला नावं ठेवलेली कुणालाच खपत नाहीत, कारण खोली ज्याची त्यानं हौसेनं बांधलेली असते आणि स्पीकर माझा असतो.

संपादकांनी या अंकासाठी लिहा म्हणताना मला 'ध्वनितज्ज्ञ' असं म्हटलं. सेलूत मला तसं कुणी म्हटलं नाही. मला 'टाळीवाले' म्हणायचे. त्याचं कारण सांगतो. कोणत्याही नव्या जागेत गेलो की मी आधी मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवायचो आणि कान देऊन उभा राहायचो. टाळी वाजून तिथंच संपली तर जागा चांगली. टाळीमागून तिची शेपूट ऐकू आली तर समजायचं की इथं माणूस बोलेल तेव्हा त्याचा मागचा शब्द पुढच्या शब्दावर पडणार. आणि कोपऱ्यात 'ढूंऽऽ' असा घुमार राहिला तर ढोलकीवाला आपली अब्रू घालवणार. एवढं साधं शास्त्र आहे. पण सोयरिकीच्या बैठकीत, दोन्हीकडची मंडळी गंभीर चेहऱ्यानं बसलेली असताना मधोमध उभं राहून टाळी वाजवणारा माणूस लोकांना शहाणा वाटत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

जिंतूरच्या एका टॉकीजच्या मालकानं मला बोलावलं, तेव्हा त्यांची तक्रार तीच होती. पडद्यावरचं बोलणं कळत नाही, पब्लिक शिट्ट्या मारतं, स्पीकर बदलायचे आहेत. मी टाळी वाजवली तर ती मागच्या भिंतीवरून जशीच्या तशी परत आली. वर पत्रे, खाली फरशी, मागे सपाट सिमेंटची भिंत. मी म्हटलं, मागच्या भिंतीला जाड तरटाचे दुहेरी पडदे लावा, खर्चही फार नाही. त्यांचा चेहरा उतरला. टॉकीजला तरट लावायचं म्हणजे त्यांना धान्याचं गोदाम केल्यासारखं वाटलं. त्यांनी नवे दुप्पट मोठे स्पीकर आणले आणि हौसेनं पडद्याच्या दोन्ही बाजूंना झिरझिरीत जांभळं कापड लावलं. आता बोलणं दुप्पट मोठ्यानं कळेनासं झालं. पुढे एका गाजलेल्या सिनेमाला टॉकीज गच्च भरली आणि सगळं स्वच्छ ऐकू आलं, कारण माणसं म्हणजे शेवटी हाडामांसाचे आणि कापडाचे पडदेच. दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली, तसा आवाज पुन्हा बिघडला. मालकांनी मला निरोप पाठवला की स्पीकर गल्ला बघून वाजतो, तो बदलून द्या. मी गेलो नाही.

स्पीकरची तुलना करायची कशी, हेही लोकांना ठाऊक नसतं. कोणताही स्पीकर सगळे आवाज सारखे उचलत नाही. एक ढोलकीचा खालचा आवाज फुगवून सांगतो, दुसरा 'स' आणि 'श' टोचून सांगतो, तिसरा मधला सगळा गळा पोटात ठेवून घेतो. दोन स्पीकर ताडून बघायचे तर टेप एकच हवी, ठेवायची जागा एकच हवी आणि मुख्य म्हणजे दोघांचा मोठेपणा सारखा हवा. माणसाचा कान असा भोळा आहे की जो जरा मोठ्यानं वाजतो तोच त्याला चांगला वाटतो. हे विकणाऱ्यांना पक्कं माहीत असतं. हैद्राबादेत एका दुकानदारानं मला दोन स्पीकर ऐकवले, तेव्हा महागड्याच्या वेळी त्याचा अंगठा हळूच बटणावर जाई. मी म्हटलं, भाईसाब, अंगठा जरा खिशात ठेवा आणि परत लावा. त्यानं मला चहा पाजला आणि दुकान बंद करायची वेळ झाली असं सांगितलं. सकाळ होती.

माझ्या खोलीत दोन स्पीकर होते. एक मोठा, पॉलिश केलेल्या लाकडाचा, कपाटाएवढा. तो हैद्राबादच्याच एका मोडीत निघालेल्या हॉटेलातून आणलेला. त्याच्यातून कुणीही गायलं तरी भारदस्त वाटायचं. दुसरा मी स्वतः केलेला. साध्या प्लायवूडची पेटी, बऱ्याच खटपटीनंतर मनासारखा मिळालेला स्पीकरचा कागदी कोन आणि पेटीच्या आत जिनिंगमधली मूठमूठ रुई. दिसायला दरिद्री, पण खरं तेच बोलायचा. गळा फाटला असेल तर फाटलेला, बाजाची पेटी बेसूर असेल तर बेसूर. टेप भरताना मी त्याच्यावरच ऐकायचो, कारण जे त्याच्यावर बरं वाटेल ते कुठंही बरं वाटणार. गिऱ्हाइकांना मात्र तो डोळ्यांसमोर नको असायचा. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला की प्रत्येक जण एकच म्हणायचा, "ह्यो माझा आवाजच न्हाई." मग बोट मोठ्या कपाटाकडे जायचं. मोठ्यावर लावलं की चेहरा खुलायचा. वर्षानुवर्षं हेच. मी समजावायचं सोडून दिलं नाही, एवढीच माझी चूक.

खोलीचं म्हणाल तर ती अर्धं वर्ष उत्तम होती आणि अर्धं वर्ष भिकार. जिनिंगच्या मुनीमजींनी ती मला एका अटीवर दिली होती. हंगामात गोदाम भरलं की उरलेल्या रुईच्या गाठी माझ्या खोलीत भिंतींना लावून रचायच्या. त्यांना वाटायचं, ही मला अडचण आहे. मी तोंड वाईट करून हो म्हटलं होतं. तीन भिंतींना छतापर्यंत कापूस. मुंबईच्या स्टुडिओवाल्यांनी पैसे मोजून जे करून घ्यावं ते मला फुकट मिळत होतं. त्या खोलीत टाळी वाजवली की हातातच मरायची. पण स्टेशनात वॅगन लागली की गाठी जायच्या आणि उघड्या दगडी भिंती आणि शहाबादी फरशी शिल्लक राहायची. मग तिथं शिंकलं तरी दोन वेळा ऐकू यायचं. माझ्या स्टुडिओचा आवाज कसा असेल, हे मालधक्क्यावरचा बाबू ठरवायचा. आणि पुन्हा शेजारी जिनिंगची घरघर. ती बंद असायची फक्त दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, तेवढ्यातच माझं काम.

अशा या खोलीत गयाबाई आल्या.

जिंतूर रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या. आमच्याच बौद्ध समाजातल्या. दिवसा कापूस वेचायच्या, निंदण-खुरपण करायच्या आणि जयंतीच्या दिवसांत नवऱ्याच्या, दामूभाऊच्या जलसा पार्टीत गायच्या. दामूभाऊ ढोलकी वाजवायचे आणि पार्टीचे मालकही तेच. गाणी होती दामूभाऊच्या वडिलांची. शाहीर तात्याबा. छप्पन सालानंतर हा माणूस पायी गावोगाव हिंडला. मेलेली ढोरं ओढणं सोडा, जुने देव सोडा, पोरीला शाळेत घाला, हे सगळं त्यानं गाण्यातून सांगितलं. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे एकही गाणं कागदावर नव्हतं. त्याच्या मागं कोरसला बसून बसून सगळी गाणी पाठ झाली ती सुनेला. मुलाला ठेका आला, शब्द आले नाहीत. तात्याबा वारून काही वर्षं झाली होती. त्याचा आवाज कुठंच भरलेला नव्हता.

नागपूरकडचे एक व्यापारी त्या सुमारास नव्यानं निघालेल्या कॅसेटींसाठी भीमगीतांच्या पार्ट्या शोधत आपल्या भागात फिरत होते. चार गाणी भरून ठेवा, मी शनिवारी येऊन ऐकतो, जयंतीच्या आत कॅसेट काढू, असं ते दामूभाऊला सांगून गेले होते. दामूभाऊ हवेतच होते. गयाबाई मात्र माझ्याशी वेगळंच बोलल्या. घरी तात्याबांची बायको, आवडाबाई, गुडघ्यांनी अधू होऊन बसलेली. जयंतीला चौकात भोंगे लागले की तिला घरात बसून आवाज ऐकू येई, पण त्यातलं काही कळत नसे.

"सासूबाई म्हणल्यात, भोंग्यातून गाणं येतंय, सबूद येत न्हाईत," गयाबाई म्हणाल्या. "तेंचे सबूद मला एकदा नीट ऐकायचेत म्हणल्यात. भाऊ, टेपात सबूद येत्याल का?"

येतील म्हणालो. गाठी छतापर्यंत होत्या, मला छातीवर हात ठेवून सांगता येत होतं.

पहिल्या दिवशी जिनिंग थांबल्याबरोबर कामाला लागलो. माझ्याकडे माईक एकच. त्यामुळे कुणाला किती लांब बसवायचं, यातच सगळी करामत. गयाबाई माईकसमोर, पेटीवाला मागं आणि दामूभाऊ पार दाराशी. दामूभाऊला ते अपमानासारखं लागलं. मी नजर काढली की त्यांची ढोलकी बैठकीसकट पुढं सरकलेली असायची. मी दोनदा त्यांना मागं नेऊन बसवलं, शेवटी फरशीवर खडूनं रेघ मारली. दोन गाणी चांगली झाली. गयाबाईंचा गळा गोड नव्हता, खणखणीत होता, आणि प्रत्येक अक्षर वेगळं उभं राहायचं.

लहान स्पीकरवर लावून दाखवलं. गयाबाई आपला आवाज पहिल्यांदाच ऐकत होत्या. खाली मान घालून बसल्या. दामूभाऊंनी मात्र लगेच सुरुवात केली. आवाज बारीक झाला. ढोलकी मेली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाई दम घेते तो ऐकू येतो.

"ते दम घेतल्यालं काढा," ते म्हणाले. "कसंतरीच वाटायलंय. बाई पळत आल्यावानी."

मी सांगितलं की दम काढला तर बाई मरेल, दम घेतल्याशिवाय कुणी गात नाही, आणि इतक्या जवळून, इतक्या शांत खोलीत गायल्यावर तो ऐकू यायचाच. दामूभाऊंना पटलं नाही. मग व्हायचं तेच झालं, बोट मोठ्या कपाटाकडे गेलं. मोठ्यावर लावलं, ढोलकी धबधबली, दम त्या धबधब्यात बुडाला आणि दामूभाऊ म्हणाले, हा स्पीकर चांगला आहे, तो दुसरा बदला. गयाबाई तेवढ्यात उठून गाठीच्या तरटावरून हात फिरवत होत्या. फाटलेल्या जागेतून जरा रुई उपसून त्यांनी बोटांत पिंजून बघितली आणि आमच्याच शिवारातला कापूस असेल, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडायला गेलो तर दारात हमालांची रांग. वॅगन लागली होती.

मी मुनीमजींच्या पाया पडायचा बाकी राहिलो. म्हटलं, दुपारपर्यंत एवढ्या खोलीतल्या गाठी राहू द्या, आधी गोदामातल्या न्या. ते म्हणाले, तुमच्या खोलीतल्या दाराशी आहेत, त्या आधी निघतात. मी म्हटलं, एका बाईचं गाणं अर्धं राहिलंय. ते म्हणाले, गाण्याला गाठी कशाला लागतात? आता याला काय सांगणार? पंधरा मिनिटं मी त्यांना भिंत, घुमार, टाळी हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हमालांना चला म्हणाले. चूक त्यांचीही नव्हती. वॅगन थांबत नाही, आणि वॅगन सुटली असती तर त्यांना मालकाला कापसाच्या जागी गयाबाईंचं गाणं दाखवता आलं नसतं.

गयाबाई आणि पार्टी आली तेव्हा दोन भिंती उघड्या झाल्या होत्या आणि तिसरी अर्धी. टाळी वाजवली. शेपूट आली. कोपऱ्यात ढूं आलं. माझं डोकं फिरलं. आजची दोन गाणी अशा खोलीत भरली तर कालची आणि आजची बाई एक आहे हेच कळणार नव्हतं. कालची कानाजवळ, आजची विहिरीत. नंतर या म्हणावं तर शनिवार तोंडावर, आणि गयाबाईंनी आधीच दोन दिवसांचा रोज बुडवलेला. मी घरून वाकळा आणल्या, सतरंजी आणली, बायकोच्या कपाळावरच्या आठ्याही सोबत आणल्या. खिळ्यांना, दोरीला, जमेल तिथं टांगलं. घुमार थोडा कमी झाला, पण ढोलकीवर थाप पडली की कोपरा उत्तर द्यायचाच. दामूभाऊ म्हणाले, आज ढोलकी भरदार वाटायलीय. मी त्यांना काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर गाणं तिथंच संपलं असतं.

जिनिंग थांबली. सुट्टी झाली. हमाल भाकरी सोडायला माझ्या दाराच्या सावलीला बसले. अंगभर कापूस चिकटलेला, डोक्याला फडकी. निम्मे गयाबाईंच्याच ओळखीचे निघाले, एक तर त्यांच्या माहेरचा. गयाबाईंनी त्यांना आत या म्हटलं.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, बाई, हे जेवतील, खोकतील, बोलतील, सगळं टेपात येईल.

"भाऊ, काल मी कापसाला गाणं म्हणलं," गयाबाई म्हणाल्या. "आज मला माणसं पाहिजेत. समूर माणूस नसल्यावर कुणाला सांगू, पोरीला शाळंत घाला म्हणून?"

मी दारातून बाजूला सरकलो. हमाल आले. भाकरी फडक्यात बांधून ठेवल्या आणि भिंतींना टेकून, गाठी जिथं होत्या नेमक्या तिथं, एकमेकांना चिकटून बसले. मागचे उभे राहिले. दाटी झाली, उकडायला लागलं. मी नाइलाजानं, सवयीनं म्हणून एक टाळी वाजवली.

टाळी हातातच मेली.

मी पुन्हा वाजवली. कोपऱ्यात एक जाडजूड गडी बसला होता, त्यानं कोपरा खाऊन टाकला होता. गयाबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांना फक्त ऐकणारं कुणीतरी हवं होतं. मला जिंतूरची भरलेली टॉकीज आठवायला हवी होती, ती आठवली नाही, मी वाकळांमागं धावत राहिलो. जे झालं ते झालं. मी बटण दाबलं.

ती दोन गाणी कालच्यापेक्षा चांगली झाली. एकही माणूस खोकला नाही. शेवटची ओळ संपल्यावरही कुणी हललं नाही, टेप नुसतीच फिरत राहिली आणि मग जिनिंगचा भोंगा वाजला. तोही टेपात आला. मी तो कधी काढला नाही.

शनिवारी व्यापारी आले. सभ्य माणूस, गाण्याची आवड असलेला. मी लहान स्पीकरवर लावलं. ते मोठ्याकडे बघत राहिले. मोठ्यावर लावलं. मान डोलवायला लागले. पार्टी पसंत, गाणी पसंत. फक्त एक अडचण. आवाज फार कोरडा आहे, लहानावर तर बाईचा श्वासही ऐकू येतो. मोठ्या हॉलमध्ये गातायत असं वाटायला हवं, तेवढा इको आम्ही तिकडे घालून घेऊ.

ज्या घुमाराला घालवण्यासाठी मी मुनीमजींपासून बायकोपर्यंत सगळ्यांशी वाईटपणा घेतला, तो घुमार हे गृहस्थ यंत्रातून मुद्दाम घालणार होते. मी म्हटलं, शब्द बुडतील. ते हसून म्हणाले, लोकांना हेच आवडतं. दामूभाऊ म्हणाले, बरोबर हाय. गयाबाईंना कुणी विचारलं नाही, माझं कुणी ऐकलं नाही. एक केलं, मूळ टेपचं स्पूल माझ्याकडे ठेवून घेतलं आणि त्यांना नक्कल दिली.

जयंतीच्या आत कॅसेट आली. सेलूच्या मिरवणुकीत ती वाजली, भोंगेही माझेच. आधीच इको, त्यावर भोंगा, त्यावर दोन्ही बाजूंच्या माड्यांवरून परत येणारा आवाज. एका ओळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. लोक नाचत होते, गुलाल उधळत होते, आणि ओळखीचे लोक गर्दीतून वाट काढत येऊन माझी पाठ थोपटत होते की टाळीवाले, आता कसा आवाज आलाय बघा. मी हात जोडत होतो. मला खरं म्हणजे घरी जाऊन पडावंसं वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात दामूभाऊ दुकानात आले. गावातल्या गुरुजींचा टेपरेकॉर्डर मागून आणून त्यांनी आईला कॅसेट ऐकवली होती. अगदी जोरात लावून. आवडाबाईंनी सगळी ऐकली आणि म्हणाल्या, ह्येच्यात बी सबूद कळत न्हाईत.

"गुरुजीच्या टेपचा स्पीकर खराब आसंल," दामूभाऊ म्हणाले. "तुमी तेवढा बदलून द्या."

इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकावर ओरडलो नव्हतो. त्या दिवशी ओरडलो. आजूबाजूची दुकानं बाहेर आली. स्पीकर बदलू नका म्हणालो, काहीही बदलू नका, तुम्ही फक्त घरी जा आणि उद्या घरीच थांबा. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. स्पूलचं यंत्र, मूळ टेप आणि तो दरिद्री लहान स्पीकर घेऊन जिंतूरच्या एसटीत बसलो. स्पीकर मांडीवर. कंडक्टरनं त्याचं सामानाचं तिकीट मागितलं, तेही दिलं.

दामूभाऊचं घर म्हणजे एक खण. मातीच्या जाड, हातानं सारवलेल्या भिंती, कुठंच सरळ नाहीत. वर पळाट्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, आणि गवत. एका बाजूला ज्वारीची पोती, दुसऱ्या बाजूला वलणीवर वाकळांचा ढीग. आत जाऊन मी टाळी वाजवली. काहीही परत आलं नाही. हैद्राबादेत, परभणीत, कुठंही इतकी चांगली खोली मी तोवर ऐकली नव्हती आणि नंतरही ऐकली नाही. दामूभाऊ ओशाळून म्हणाले, मशीन ठेवायजोगतं घर न्हाई आमचं. मला हसावं की रडावं कळेना.

घरात एकच बल्ब होता. तो काढून त्याच्या होल्डरमधून लाईट घेतली. स्पीकर पाटावर ठेवला. आवडाबाईंना त्याच्यासमोर भिंतीला टेकवून बसवलं. गयाबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या, आपला आवाज ऐकायची त्यांना अजून लाज वाटत होती. दामूभाऊ दाराशी, रेघ मारलेली नसताना.

मी टेप चालू केली. पहिल्या गाण्याला म्हातारी नुसती ऐकत राहिली. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलायला लागले. शब्द पोचत होते. मी निवांत झालो आणि भिंतीला टेकलो. तिसरं गाणं आलं, मुलीला शाळेत घाला म्हणणारं. लांब ओळ, एका शब्दाच्या मधेच गयाबाईंचा दम घेतल्याचा आवाज, आणि मग उरलेला शब्द. आवडाबाईंनी एकदम हात वर केला.

मी टेप थांबवली. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? स्पीकरला काही झालं.

आवडाबाई त्या पेटीकडेच बघत होत्या.

"हितं तेनी दम घ्यायचे," त्या म्हणाल्या. "सबूद पुरा व्हायच्या आधीच. म्या लय डाव म्हणायची, सबूद तुटतोय तुमचा. ऐकायचे न्हाईत. गया बी तिथंच घेतीया."

चुलीपाशी गयाबाई तशाच पाठ करून बसल्या होत्या, पण पदर तोंडाला लावलेला दिसत होता. शिकताना गाण्याबरोबर दमही त्यांच्यात आला होता, आणि हे त्यांना स्वतःलाही आज कळत होतं. तात्याबांचा आवाज कुठंच भरलेला नाही असं आम्ही सगळे समजत होतो. माझे डोळे भरून आले आणि मी उगीचच यंत्राची वायर बघायला लागलो.

मग दामूभाऊ दारातून उठले आणि पुढं येऊन स्पीकरपाशी, आईच्या शेजारी मातीवर बसले.

"भाऊ," ते म्हणाले, "ते दम घेतल्यालं परत लावा."

मी टेप मागं घेतली. ती एवढीशी जागा त्या दुपारी किती वेळा लावली ते आता आठवत नाही. स्पीकर बदला, असं मात्र कुणी म्हणालं नाही.